आधी प्रमाणपत्र, मग पहिलं मूल
बेंगळुरूत विशेष मुलांसाठी केंद्र सुरू करू पाहणाऱ्यांसाठी

बेंगळुरूतल्या मराठी पालकांकडून एक प्रश्न वारंवार येतो. मूल स्वमग्न असतं, किंवा त्याला सेरेब्रल पाल्सी असते, डाउन सिंड्रोम असतो. शाळेने बारा-चौदा वर्षांपर्यंत कसंबसं सांभाळून घेतलेलं असतं, पुढचं काही दिसत नसतं. जवळपास केंद्र नसतं, असलंच तर तिथे जागा नसते. मग दोन-तीन कुटुंबं एकत्र येतात, एखादी विशेष शिक्षिका बरोबर यायला तयार होते, बीटीएम लेआउटमध्ये किंवा यलहंकाला एखादं घर बघून ठेवलेलं असतं आणि विचारणा होते, ‘आम्ही पुढच्या महिन्यात सुरू करतोय. नोंदणी नंतर केली तर चालेल ना?’

चालणार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या कलम ५० नुसार नोंदणीचं प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय दिव्यांग व्यक्तींसाठीची संस्था काढता येत नाही आणि चालवताही येत नाही. पुष्कळांचा समज असतो की हे वसतिगृहांसाठी आहे. कायद्यात ‘संस्था’ या शब्दात ठेवून घेणं, देखभाल, संरक्षण, शिक्षण, प्रशिक्षण, पुनर्वसन हे सगळं येतं. म्हणजे सकाळी दहा ते दुपारी दोन सहा मुलांना एका खोलीत शिकवणारं केंद्रही त्यात आलं. नियम मोडल्यास कलम ८९ प्रमाणे पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा मोडल्यास पन्नास हजार ते पाच लाख.

दंडाची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती एखाद्या दुपारी मुलाला फिट येऊन ते पडतं, डोक्याला टाके पडतात, पालक आणि पोलीस दोघेही दारात उभे राहतात, त्या वेळेची. तेव्हा पहिला कागद मागतात तो नोंदणीचा. तो नसेल तर तुम्ही मनापासून केलेलं सगळं काम बेकायदा ठरतं आणि त्या दिवशी केंद्रात असलेल्या इतर मुलांचीही जागा जाते.

आधी काम ठरवा

अर्जाचा नमुना शोधण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहा: कोणाला घेणार, किती तास ठेवणार, काय देणार. कोणते दाखले लागणार हे या तीन उत्तरांवर ठरतं, आणि इथे झालेला गोंधळ पुढे प्रत्येक कार्यालयात भोवतो.

दिवसाचं केंद्र असेल, मुलं संध्याकाळी घरी जाणार असतील, तर मुख्य नोंदणी २०१६ च्या कायद्याखालची. अठरा वर्षांखालची मुलं रात्री मुक्कामी राहणार असतील आणि त्यांत अनाथ, टाकून दिलेली किंवा सांभाळायला कोणी नसलेली मुलं असतील, तर बाल न्याय कायदा, २०१५ लागतो. त्यातल्या कलम ४१ ची वेगळी नोंदणी लागते. ती नसेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. अशी मुलं बाल कल्याण समितीमार्फतच यायला हवीत. नातेवाइकाने आणून सोडलं आणि आपण दयेपोटी ठेवून घेतलं, हे कायद्याला मान्य नाही.

फिजिओथेरपी, डॉक्टरांची तपासणी, औषधोपचार अशा सेवा असतील तर कर्नाटकचा खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा, २००७ आपल्याला लागू होतो का, हे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून लेखी विचारून घ्या. तोंडी ‘नाही लागत’ यावर विसंबू नका.

मानसिक आजाराचा मुद्दाही इथेच स्पष्ट करून घ्यावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तीतून बौद्धिक अक्षमता वगळलेली आहे. म्हणून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचं केंद्र हे मानसिक आरोग्य आस्थापना होत नाही. मात्र स्किझोफ्रेनिया किंवा तशा आजाराच्या लोकांना तुम्ही उपचारासाठी दाखल करून घेऊ लागलात, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागेल. ‘सगळ्यांनाच घेऊ, कोणाला नाही म्हणायचं नाही’ हा भाव समजण्यासारखा आहे, पण तो नव्या संस्थेला झेपत नाही.

माझं स्पष्ट मत असं की निवासी व्यवस्थेने सुरुवात करू नये. पालकांच्या मनातला खरा प्रश्न ‘आमच्यामागे याचं काय’ हाच असतो आणि त्यामुळे पहिल्या दिवसापासून वसतिगृहाचा आग्रह होतो. तरीही निदान चार-पाच वर्षं दिवसाचं केंद्र नीट चालवा, माणसं घडवा, मग रात्रीची जबाबदारी घ्या. महाराष्ट्राने याची जबर किंमत मोजलेली आहे. ठाणे जिल्ह्यातल्या कवडास इथल्या निवासी विशेष शाळेतल्या मुलांच्या मृत्यूंच्या बातम्या २०१० मध्ये आल्या, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घेऊन राज्यभरच्या अशा वसतिगृहांची तपासणी करायला लावावी लागली. पुढच्याच वर्षी पनवेल भागातल्या एका निवासी संस्थेत मुलींवर झालेले अत्याचार उघडकीला आले. ज्या व्यक्तीला काय झालं ते सांगता येत नाही, तिला रात्री कोणाच्या भरवशावर ठेवायचं, याचं उत्तर इमारत बांधून मिळत नाही.

संस्था कोणत्या स्वरूपाची

यावर लोक महिनोन्महिने चर्चा करतात, खरं तर इतकी गरज नाही. तीन वाटा आहेत: सार्वजनिक न्यास, कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खालची सोसायटी, किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. पालकांनी मिळून काढायची असेल तर सोसायटी बरी, तिला किमान सात सभासद लागतात आणि दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. ही शिस्त पालकांच्या संस्थेला उपयोगी पडते. दोन-तीन विश्वासू माणसंच पुढाकार घेणार असतील तर न्यास सुटसुटीत.

स्वरूप कोणतंही असो, उद्देशांच्या कलमात ‘दिव्यांग व्यक्तींचं शिक्षण, प्रशिक्षण, देखभाल व पुनर्वसन’ हे शब्द स्वच्छ लिहिलेले असू द्या. ‘समाजसेवा व शैक्षणिक कार्य’ एवढंच लिहिलेल्या संस्थेचा अर्ज अडतो आणि मग घटना दुरुस्त करण्यात वेळ जातो. कार्यकारिणीत एक तरी दिव्यांग व्यक्ती आणि एक तरी कन्नड उत्तम लिहिणारी व्यक्ती हवी. पहिली हवी कारण काम तिच्यासाठी आहे. दुसरी हवी कारण जिल्हा कार्यालयातली टिपणी कन्नडमध्ये चालते, आणि तुमच्या अर्जाला कन्नडमधलं नीट पत्र जोडलेलं असलं की पुढची प्रत्येक भेट सोपी होते.

जागा

बेंगळुरूत घरभाड्याचा करार सहसा अकरा महिन्यांचा असतो. राहण्यासाठी ते ठीक आहे, केंद्रासाठी नाही. नोंदणी विशिष्ट पत्त्यावरच्या संस्थेला मिळते. वर्षभरात घरमालकाने घर रिकामं करायला सांगितलं की तपासणी आणि कागद पुन्हा पहिल्यापासून. म्हणून निदान तीन वर्षांचा, रीतसर नोंदवलेला भाडेकरार करा आणि घर दिव्यांगांच्या केंद्रासाठी वापरायला मालकाची हरकत नाही हे त्यातच लिहून घ्या. जागेचा खाता, कराची पावती आणि मंजूर नकाशा आधी पाहा. २०२५ च्या सप्टेंबरपासून शहराची महापालिका पाच महापालिकांत विभागली गेली आहे आणि वर ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण आहे, त्यामुळे आपली जागा आता कोणत्या महापालिकेत मोडते हे तपासूनच पुढचे दाखले मागा.

जागा बघायला जाताना मोजपट्टी बरोबर घ्या. उताराचं प्रमाण एकास बारा लागतं. इथल्या जुन्या घरांचं जोतं सहज दीड फूट उंच असतं, म्हणजे अठरा फूट लांब उतार बांधावा लागेल, वळणाला सपाट जागा सोडून. पुढच्या अंगणात तेवढी जागा नसेल तर ते घर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. चाकाची खुर्ची आत जायला दार साधारण ९०० मिलिमीटर रुंद लागतं. बेडरूमची दारं बहुधा पुरतात, न्हाणीघराची पुरत नाहीत.

न्हाणीघराजवळ जरा थांबा. तुमच्याकडे उद्या सतरा वर्षांची मुलगी येईल, जिचं डायपर दिवसातून दोनदा बदलावं लागतं. तिला फरशीवर निजवून बदलणार का? मोठ्या माणसाला पुरेल असा, कमरेइतक्या उंचीचा पलंग तिथे मावतो का? कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायला दांड्या आहेत का, दार बाहेरच्या बाजूला उघडतं का, आतून कडी लागली तर बाहेरून काढता येते का? बदलणारी बाई कोण, ती सुटीवर असेल त्या दिवशी कोण, आणि त्या वेळी खोलीत त्या दोघींखेरीज कोणी नसावं हे पाहणार कोण? तपासणीला येणारे अधिकारी यातलं सगळं विचारतीलच असं नाही. पण जिची मुलगी आहे ती आई न विचारताही हेच बघत असते.

आगीपासून सुरक्षिततेचा दाखला, पाण्याची सोय, स्वयंपाक होत असेल तर अन्न परवाना, ही कामं वेळ खातात पण अवघड नाहीत. ती घर ठरल्या दिवसापासून समांतर सुरू ठेवा.

माणसं आणि त्यांचे दाखले

विशेष शिक्षक, वाचा-उपचार तज्ज्ञ, पुनर्वसनाच्या क्षेत्रात काम करणारे मानसशास्त्रज्ञ यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावी लागते. परिषदेच्या १९९२ च्या कायद्याप्रमाणे नोंद नसलेल्या व्यक्तीला हे काम करता येत नाही. नेमणुकीच्या वेळी प्रमाणपत्राची प्रत घेऊन थांबू नका. नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा आणि तो आज चालू आहे का ते बघा. मुदत संपलेले क्रमांक लावून बसलेली माणसं भेटतात. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट या नोंदवहीत येत नाहीत, त्यांच्यासाठी २०२१ चा वेगळा केंद्रीय कायदा आहे. अर्जात सगळ्यांना एकाच रकान्यात बसवलं की आक्षेप येतो.

किती मुलांमागे किती शिक्षक, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात दिशा दिली. केंद्र सरकार निकष ठरवेपर्यंत विशेष शाळांनी सेरेब्रल पाल्सीच्या आठ मुलांमागे एक, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या पाच मुलांमागे एक, आणि बहिरेपण-अंधत्व एकत्र असलेल्या दोन मुलांमागे एक असं प्रमाण धरावं असं सांगितलं. तुमचं केंद्र शाळा म्हणवत नसलं तरी अंदाजपत्रक याच प्रमाणावर मांडा. पंधरा मुलांमागे एक शिक्षिका आणि दोन आया अशा हिशेबाने जे केंद्र ‘परवडतं’, तिथे मुलांना बसवून ठेवलं जातं.

मदतनीस, चालक, स्वयंपाकी, सगळ्यांची पोलीस पडताळणी करून घ्या. दहा किंवा अधिक कर्मचारी झाले की लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखालची अंतर्गत समिती लागते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला तरी पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. ‘आधी आपण आत चौकशी करू’ म्हणून दाबून ठेवणारा संस्थाचालक स्वतः गुन्हेगार ठरतो. हे कर्मचाऱ्यांना कन्नड, तमिळ, हिंदी, ज्याला जी भाषा कळते तीत समजावून त्यांची सही घ्या.

अर्ज आणि तपासणी

कर्नाटकात हा विषय विकलचेतन (म्हणजे दिव्यांग) व ज्येष्ठ नागरिक सबलीकरण खात्याकडे आहे. खात्याचं मुख्य कार्यालय डॉ. आंबेडकर वीधीवरच्या विश्वेश्वरय्या टॉवरच्या पोडियम ब्लॉकमध्ये आहे, पण तुम्ही सुरुवात जिल्हा विकलचेतन कल्याण अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून करा. बेळगाव, बिदरकडच्या वाचकांनाही वाट हीच. राज्याचे स्वतःचे नियम २०१९ चे आहेत. अर्जाचा चालू नमुना आणि जोडपत्रांची यादी जिल्हा कार्यालयातूनच घ्या, कोणा ओळखीच्या संस्थेची जुनी फाइल उतरवून काढू नका.

फाइलमध्ये साधारणपणे संस्थेची नोंदणी आणि घटना, पॅन, कार्यकारिणीची यादी, भाडेकरार, इमारतीचा नकाशा, कर्मचाऱ्यांचे दाखले, अंदाजपत्रक, सेवांचं वर्णन आणि लाभार्थींची अपेक्षित संख्या लागते. बहुतेक अर्जदार सेवांचं वर्णन इंटरनेटवरून उचलतात: ‘सर्वांगीण विकास’, ‘समग्र पुनर्वसन’. त्याऐवजी एका मुलाचा एक दिवस लिहा. नऊला येतो, बूट कोण काढायला शिकवतं, साडेनऊला कोणत्या गटात बसतो, डबा स्वतः खातो की भरवावा लागतो. मूल्यमापन कशाने करणार ते नावानिशी सांगा. सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेची एफएसीपी ही तपासणी-सूची असेल, स्वमग्नतेसाठी आयसा ही भारतीय मोजपट्टी असेल. आणि त्यावरून प्रत्येक मुलाची वैयक्तिक योजना दर किती महिन्यांनी बदलणार तेही लिहा. असं वर्णन वाचलं की तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यालाही काय बघायचं ते कळतं.

कलम ५१ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून नव्वद दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं असतं. नाकारायचं असेल तर आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि नकार लेखी कळवावा लागतो. त्यावर कलम ५३ खाली अपील करता येतं. म्हणून अर्ज दिला की तारखेसह पोच घ्या. नव्वद दिवस त्या पोचेपासून मोजले जातात. त्रुटी काढल्या तर त्याही लेखी मागा आणि उत्तर लेखी द्या. यात उर्मटपणा काही नाही. अधिकारी बदलतात, फाइल राहते. ‘लवकर करून देतो’ म्हणणारा मध्यस्थ भेटला तर त्याला दूर ठेवा. खोटी माहिती देऊन मिळवलेलं प्रमाणपत्र कलम ५२ खाली रद्द होतं आणि संस्था बंद करावी लागते.

तपासणीत नोंदवह्या मागतात. केंद्र सुरू व्हायच्या आधी त्या कोऱ्या असणारच, पण रकाने आखून ठेवलेले असावेत. त्यातली एक वही मी सर्वांत महत्त्वाची मानतो, ती औषधांची. विकासात्मक अक्षमता असलेल्या मुलांमध्ये अपस्माराचं प्रमाण मोठं असतं, त्यामुळे दुपारी एक वाजता कोणाला तरी व्हॅल्प्रोएटचं सिरप द्यायचं असणार हे गृहीत धरा. बाटलीवर मुलाचं नाव, डॉक्टरांची तारीख असलेली चिठ्ठी, किती मिलि, किती वाजता, कोणी दिलं, कोणाच्या समोर दिलं, दोन सह्या. मागच्या पानांवर फिटची नोंद: केव्हा सुरू झाली, केव्हा थांबली, त्या वेळी कोण जवळ होतं. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालयात न्यायचं, हा नियम भिंतीवर लावलेला असावा आणि जवळच्या रुग्णालयाला जायचा रस्ता चालकाला पाठ असावा. आउटर रिंग रोडवर संध्याकाळी सहा वाजता रुग्णवाहिकेची वाट बघत बसता येत नाही.

प्रवेशाचा अर्ज तयार करताना दोन गोष्टी न विसरता घाला. एक, घरात बोलली जाणारी भाषा. मुलाशी घरी मराठीत बोलतात, केंद्रात इंग्रजीत सूचना देतात, मदतनीस कन्नडमध्ये बोलते, आणि अहवालात ‘सूचना पाळत नाही’ असा शेरा पडतो. ‘पाणी’, ‘शी’, ‘दुखतंय’, ‘नको’ असे पंधरा-वीस शब्द पालकांकडून लिहून घेऊन ते प्रत्येक कर्मचाऱ्याला यायलाच हवेत. चित्रांच्या पाट्या केल्या तर त्यावरही तेच शब्द लिहा.

दुसरी गोष्ट वयाची. अठरा पूर्ण झालेली व्यक्ती कायद्याने सज्ञान असते, तिचा बुद्ध्यांक काहीही असो. तेवीस वर्षांच्या मुलासाठी वडिलांची सही घेतली की झालं, असं पुष्कळ केंद्रं समजतात. तसं होत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ च्या कलम १४ खाली स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व घेता येतं. ही समिती जिल्ह्याच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या, म्हणजे कर्नाटकात डेप्युटी कमिशनरच्या अखत्यारीत असते. पालकत्वाचा कागद असो वा नसो, त्या तरुणाला काय हवंय ते त्याला समजेल अशा रीतीने विचारायचं आणि त्याचं उत्तर लिहून ठेवायचं.

नॅशनल ट्रस्ट आणि पैसा

हा १९९९ चा कायदा पालकांच्या रेट्यातून आलेला आहे आणि त्या रेट्यात बेंगळुरूचा वाटा मोठा. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘परिवार’ या पालक संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाचं काम इथूनच चाललं, आणि त्याचं अध्यक्षपद सांभाळलेले जे. पी. गडकरी यांनी कर्नाटकातली पालक संघटनाही उभी केली. २०१६ च्या कायद्याखालची नोंदणी झाली की नॅशनल ट्रस्टकडेही नोंदणी करा. त्यामुळे दिवसाच्या केंद्रांच्या आणि निवासाच्या त्यांच्या योजनांचा मार्ग खुला होतो. शिवाय ‘निरामय’ या वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्यात मुलांची नावं घालता येतात. तो विमा काढायला आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. खासगी कंपन्यांनी नाकारलेल्या मुलांना याचा खरा आधार आहे.

केंद्र सरकारचं दीनदयाळ योजनेखालचं अनुदान मागायचं तर संस्था किमान दोन वर्षं जुनी आणि २०१६ च्या कायद्याखाली नोंदलेली हवी. कंपन्यांचा सामाजिक निधी हवा असेल तर सीएसआर-१ क्रमांक, आयकर खात्याची सवलत (सगळे तिला अजून १२ए आणि ८०जी म्हणूनच ओळखतात) आणि तीन वर्षांच्या कामाचा दाखला लागतो. थोडक्यात, पहिली दोन-तीन वर्षं बाहेरचा मोठा पैसा येत नाही. तेवढा काळ फी, देणग्या आणि स्वतःची गंगाजळी यांवर काढता येईल असा हिशेब जमत नसेल तर मुलांची संख्या कमी ठेवा, पगार थकवू नका.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून पैसे घेण्याबाबत सावध राहा. तिकडे राहणारा भारतीय पासपोर्टधारक स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देतो, ती परदेशी देणगी नव्हे. पण ज्याने अमेरिकी नागरिकत्व घेतलं आहे, त्याच्याकडून, तो सख्खा भाऊ असला तरी, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय संस्थेला एक रुपयाही घेता येत नाही.

२०१६ च्या कायद्याखालचं प्रमाणपत्र मिळाल्यावर ते दर्शनी भागात लावणं कायद्याने आवश्यक आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान साठ दिवस आधी द्यायचा असतो. मी म्हणेन सहा महिने आधी तयारीला लागा, कारण मधल्या काळात शिक्षक बदललेले असतात, करार संपत आलेला असतो.

या शहरात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. एन. एस. हेमा यांनी १९५९ मध्ये उभी केलेली असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी, इंदिरानगरची १९८० पासूनची स्पास्टिक्स सोसायटी ऑफ कर्नाटक, बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना संगणकावरचं काम शिकवणारी अंबा, ही कामं डोळ्यांसमोर आहेत. घराची अनामत रक्कम देण्याआधी अशा एखाद्या चालत्या केंद्रात काही आठवडे रोज जा, जेवण भरवण्यापासून संध्याकाळी व्हॅनमध्ये बसवण्यापर्यंत हाताने काम करा. मग तुमच्या प्रस्तावाचं एक पान कन्नडमध्ये लिहून जिल्हा अधिकाऱ्यांची वेळ मागा. अनामत त्यानंतर द्या.